वाचकांचे प्रश्न : घरच्या डिस्टिल्ड वॉटरला कार्बन फिल्टरची जोड

मागील अंकात घरगुती ऊर्ध्वपातन यंत्रांविषयी, म्हणजे पाणी उकळून त्याची वाफ थंड करून डिस्टिल्ड वॉटर तयार करणाऱ्या छोट्या यंत्रांविषयी माहिती दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत या यंत्रासोबत सक्रिय कार्बन, म्हणजेच ॲक्टिव्हेटेड कार्बन, वापरावा का, वापरायचा तर कुठे आणि कसा, असे विचारले आहे. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही ओट्यावर ठेवायचे चार लिटरचे ऊर्ध्वपातन यंत्र मागवले. त्याच्या तोटीत बसवण्यासाठी काळ्या दाण्यांच्या छोट्या पुड्या सोबत आल्या आहेत. पाण्याची वाफ करून ती थंड केली की पाणी पूर्ण शुद्ध होते, असे आम्ही शाळेत शिकलो. मग या पुडीचे काम काय? ती न लावता यंत्र चालवले तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : शाळेत शिकलेले क्षारांच्या बाबतीत खरे आहे. मीठ, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फ्लोराइड, नायट्रेट, शिसे यांपैकी काहीही पाणी उकळताना वाफेबरोबर वर जात नाही. ते भांड्यातच राहते, आणि यंत्र काही वेळा चालवल्यावर तळाशी जो पिवळट पांढरा, नखाने खरवडला तर पापुद्र्यासारखा सुटणारा थर दिसतो, तो याच क्षारांचा असतो. मात्र पाण्यात क्षारांखेरीज काही सेंद्रिय पदार्थही अत्यल्प प्रमाणात विरघळलेले असतात आणि त्यांतील काही सहज बाष्पनशील असतात. नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून घातलेला क्लोरीन आणि धरणाच्या पाण्यात पालापाचोळा कुजून उतरलेले पदार्थ यांच्या संयोगातून क्लोरोफॉर्म व त्याच्या जातीची संयुगे तयार होतात. क्लोरोफॉर्मचा उत्कलनबिंदू सुमारे ६१ अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे पाणी उकळण्यापूर्वीच तो बाहेर पडू लागतो, आणि यंत्राला हवा जाण्यासाठी छिद्र नसेल तर तो थंड होणाऱ्या पाण्यात पुन्हा विरघळून तुमच्या भांड्यात येतो.

काही पदार्थांचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त असूनही ते वाफेबरोबर ओढले जातात. उन्हाळ्यात धरणाची पातळी खाली गेली की नळाच्या पाण्याला जो मातकट वास येतो, तो जिओस्मिनसारख्या पदार्थांमुळे येतो. हे पदार्थ पाण्यातील नीलहरित शैवालासारखे सूक्ष्मजीव तयार करतात आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतक्या कमी प्रमाणातही ते आपल्या नाकाला जाणवतात. म्हणूनच ऊर्ध्वपातन करूनही पाण्याला शिळकट किंवा मातकट वास राहिल्याची तक्रार अनेक वाचक करतात. त्यांचे यंत्र बिघडलेले नसते. ऊर्ध्वपातनाच्या पद्धतीचीच ती मर्यादा आहे.

वाफेबरोबर पलीकडे गेलेले हे पदार्थ पकडण्याचे काम सक्रिय कार्बन करतो. नारळाच्या करवंटीपासून, दगडी कोळशापासून किंवा लाकडापासून केलेला कोळसा साधारण ८०० ते १००० अंश तापमानाला वाफेच्या झोतात ठेवला की त्याच्या आत असंख्य सूक्ष्म छिद्रे कोरली जातात. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅम कार्बनचा अंतर्गत पृष्ठभाग सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे जमिनीइतका असतो, आणि सेंद्रिय पदार्थांचे रेणू या पृष्ठभागाला चिकटून राहतात. कोरडे दाणे पेल्यातील पाण्यात टाकून पाहा. बारीक बुडबुड्यांच्या माळा कितीतरी वेळ वर येत राहतात आणि कान जवळ नेला तर हलकी चुरचुर ऐकू येते. छिद्रांतील हवा बाहेर पडून तिथे पाणी शिरत असते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. हे पाणी इस्त्रीत किंवा वाफारा देणाऱ्या यंत्रात घालण्यासाठी हवे असेल तर पुडीची गरज नाही. पिण्यासाठी हवे असेल आणि तुमच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर पुडी जरूर लावावी. मात्र ती योग्य रीतीने लावली गेली नाही तर तिचा उपयोग फार थोडा होतो. यंत्राच्या तोटीतून बाहेर येणारे पाणी पुष्कळदा कोमट असते आणि पाणी जितके गरम तितकी कार्बनची पकड सैल. शिवाय तोटीत सैल बसलेल्या पुडीच्या कडेने पाणी सरळ खाली उतरते आणि कार्बनच्या दाण्यांना त्याचा जेमतेम स्पर्श होतो. त्यापेक्षा पाणी आधी पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मग काचेच्या किंवा स्टीलच्या नरसाळ्यात कार्बन दाबून बसवून त्यातून ते संथपणे गाळावे. तासाला एक लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १७ मिलिलिटर या गतीने पाणी उतरले, तर ५० ग्रॅम कार्बनच्या थरातून जाण्यास त्याला साधारण सहा मिनिटे मिळतात. नळाला जोडलेल्या अर्ध्या लिटरच्या कार्ट्रिजमधून मिनिटाला तीन लिटर पाणी सोडले तर हाच अवधी जेमतेम दहा सेकंदांचा असतो. ऊर्ध्वपातनाच्या संथ गतीचा हा मोठा फायदा आहे आणि तो हातचा घालवू नये.

प्रश्न : कार्बन फिल्टर यंत्राच्या आधी बसवावा की नंतर? दुकानदार नंतर सांगतात, एका परिचित अभियंत्याने आधी बसवायला सांगितले. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नळाला क्लोरीनयुक्त पाणी येत असेल तर माझे मत तुमच्या परिचितांच्या बाजूचे आहे, आणि त्याची कारणे सविस्तर सांगणे योग्य होईल, कारण या एका निर्णयावर पुढची बरीच डोकेदुखी अवलंबून असते.

कार्बन आधी बसवला तर क्लोरीन, क्लोरोफॉर्म आणि वास देणारे पदार्थ उकळण्याच्या भांड्यात पोचण्यापूर्वीच बरेचसे निघून जातात. क्लोरीन कार्बनला नुसता चिकटत नाही, त्याची कार्बनच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रिया होऊन त्याचे क्लोराइड बनते आणि हे क्लोराइड पुढे भांड्याच्या तळाशी राहते. क्लोरीन आधीच गेल्याने भांड्याच्या स्टीललाही थोडे संरक्षण मिळते. आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कार्बनच्या दाण्यांवर जीवाणू वाढतात, आणि क्लोरीन काढून टाकल्यानंतर त्यांना रोखणारे पाण्यात काहीच उरत नाही. कार्बन आधी असेल तर ते जीवाणू पुढे उकळत्या पाण्यात मरतात. कार्बनमधून सुटणारी बारीक काळी पूड आणि कार्बनमध्ये उरलेल्या राखेतील क्षारही तळाशीच राहतात. कार्बन नंतर असेल तर जीवाणू, पूड आणि क्षार या तिन्ही गोष्टी तुमच्या शुद्ध केलेल्या पाण्यात उतरतात आणि त्यांना अडवणारे पुढे काहीच नसते.

घरोघरी असलेल्या आरओ यंत्रातही असाच क्रम असतो. तिथे मेम्ब्रेनच्या आधी प्री-कार्बन असतो, तो मेम्ब्रेनला क्लोरीनपासून वाचवतो; शेवटी पोस्ट-कार्बनची छोटी कांडी असते, ती टाकीत साठलेल्या पाण्याची चव सुधारते. दुरुस्तीला येणारे तंत्रज्ञ पोस्ट-कार्बन बदलण्याचा आग्रह धरतात तो उगाच नसतो, कारण त्या जागी क्लोरीनचा मागमूसही नसलेले पाणी दिवसरात्र उभे असते.

आधी बसवलेला कार्बन संपला हे कसे ओळखायचे, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे आहे. टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घातल्यानंतर पाण्यात पुरेसा क्लोरीन उरला आहे की नाही हे पाहण्यासाठी तो ओ.टी. (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करतो, छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात द्रावणाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते. हीच चाचणी तुम्ही कार्बनमधून आलेल्या पाण्यावर करावी. नळाचे पाणी पिवळे झाले आणि कार्बनमधून आलेले रंगहीन राहिले तर कार्बन काम करतो आहे. तेही पिवळे होऊ लागले की कार्ट्रिज बदलावे. चाचणीचे द्रावण विषारी असल्याने ते पाणी मोरीत टाकून द्यावे आणि नळी व हात स्वच्छ धुवावेत.

परदेशातील मराठी वाचकांसाठी एक सूचना. अमेरिकेतील अनेक शहरांत पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात. साधा कार्बन क्लोरामाइन फार सावकाश मोडतो, त्यामुळे तिथे कॅटॅलिटिक कार्बन नावाने मिळणारा प्रकार घ्यावा किंवा पाण्याची गती बरीच कमी ठेवावी.

कार्बन आधी बसवूनही वास राहिला तर दोन उपाय बिनखर्चाचे आहेत. यंत्र सुरू झाल्यावर प्रथम येणारे पेलाभर पाणी वापरू नये, कारण सर्वांत बाष्पनशील पदार्थ त्यातच येतात. तसेच भांड्यातील पाणी शेवटच्या थेंबापर्यंत आटवू नये; तळाशी अर्धा लिटर राहिले असताना यंत्र बंद करावे. कोरड्या पडलेल्या तळावर क्षारांबरोबर साचलेले सेंद्रिय पदार्थ करपतात आणि तो करपट वास आधी जमलेल्या चांगल्या पाण्यालाही लागतो. तळाचा थर सायट्रिक ॲसिडच्या, म्हणजे लिंबूसत्त्वाच्या, कोमट द्रावणाने वेळोवेळी काढावा. इतके करूनही वास उरलाच तर यंत्रानंतर अगदी थोडा कार्बन लावावा आणि तो लवकर लवकर बदलावा.

प्रश्न : मी नवीन कार्बनमधून डिस्टिल्ड वॉटर गाळले. गाळण्यापूर्वी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा) २ दाखवत होता, गाळल्यानंतर ४० च्या पुढे गेला. शुद्ध करण्याऐवजी फिल्टर पाणी अशुद्ध करतो आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमचे निरीक्षण बरोबर आहे आणि त्याचे कारण कार्बनमधील राख हे आहे. करवंटी किंवा दगडी कोळसा जळताना त्यातील पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम यांचे क्षार मागे राहतात. करवंटीच्या कार्बनमध्ये राखेचे प्रमाण बरेच कमी असते, दगडी कोळशाच्या कार्बनमध्ये ते पुष्कळदा दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. नळाच्या पाण्यात आधीच दोनशे-तीनशे टीडीएस असेल तर राखेतून आलेली भर लक्षातही येत नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ती लगेच दिसते. सुरुवातीच्या पाण्याचा सामूही या राखेमुळे वाढलेला आढळतो.

म्हणून डिस्टिल्ड वॉटरसाठी आम्लाने धुतलेला, करवंटीपासून केलेला दाणेदार कार्बन मागावा. पाकिटावर ॲसिड वॉश्ड असा उल्लेख असतो. त्याचबरोबर आयोडीन नंबर दिलेला असतो. एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरून ठेवतो हे तो आकडा सांगतो, आणि पाण्यासाठी तो ९०० किंवा त्याहून अधिक असावा. आणल्यावर कार्बन प्रथम साध्या पाण्यात धुवावा, काळे पाणी ओतून टाकत राहावे, पाणी नितळ येऊ लागले की तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर बुडवून ठेवावा आणि ते पाणीही टाकून द्यावे. मग त्यातून थोडे डिस्टिल्ड वॉटर गाळून मीटर लावावा. आकडा खाली येऊन एका जागी स्थिर झाला की कार्बन वापरण्यास तयार आहे. तो आकडा मूळच्या दोनपर्यंत उतरेलच असे नाही, आणि पिण्याच्या दृष्टीने त्याची काळजीही करू नये, कारण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे.

या मीटरबद्दल मात्र थोडे सांगितलेच पाहिजे, कारण त्याच्यावर लोकांचा अवास्तव विश्वास बसला आहे. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच मोजतो आणि त्या मापावरून क्षारांचा अंदाज दाखवतो. एका पेल्यात डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात चमचाभर साखर विरघळवा. मीटर जवळजवळ हलत नाही. दुसऱ्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका. आकडा एकदम शेकड्यांत जातो. क्लोरोफॉर्म, जिओस्मिन, कीटकनाशकांचे अंश आणि जीवाणू या सर्वांच्या बाबतीत मीटर साखरेच्या पाण्याप्रमाणेच गप्प राहतो. त्यामुळे कार्बन ज्या कामासाठी लावतात ते काम होत आहे की नाही, हे टीडीएस मीटर कधीही सांगू शकत नाही. घरोघरी जाऊन केवळ या मीटरवर पाणी चांगले की वाईट हे ठरवणाऱ्या विक्रेत्यांचे म्हणणे ऐकताना हे अवश्य ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. बोअरचे पाणी खारट आहे, तपासणीत नायट्रेटही जास्त निघाले. कार्बनचा मोठा फिल्टर बसवून हे पाणी पिण्यायोग्य होईल का? ऊर्ध्वपातन यंत्राचा खर्च परवडेल का? (एक वाचक, अकोला जिल्हा)

उत्तर : कार्बनने हे पाणी पिण्यायोग्य होणार नाही. हे मी अगदी स्पष्ट लिहितो, कारण कार्बन फिल्टर लावला म्हणजे पाणी सुरक्षित झाले या समजुतीने नुकसान होऊ शकते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा प्रश्न विरघळलेल्या क्षारांचा आहे. सक्रिय कार्बन पाण्यातील मीठ, कठीणपणा आणि नायट्रेट यांना अडवत नाही, आणि यवतमाळ किंवा चंद्रपूरच्या काही गावांत भूजलात असलेल्या फ्लोराइडच्या बाबतीतही त्याच्यावर विसंबता येत नाही. पाणी नुसते उकळल्यानेही नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेले पाणी तान्ह्या बाळाला देऊ नये आणि त्याच्या दुधाच्या पावडरमध्येही वापरू नये, कारण बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती त्यामुळे कमी होते.

ऊर्ध्वपातनाने क्षार, नायट्रेट आणि फ्लोराइड हे तिन्ही निघतात, तेव्हा पद्धत म्हणून ती तुमच्या पाण्याला अगदी योग्य आहे. अडचण विजेची आहे. २५ अंशांचे एक लिटर पाणी उकळीला आणून त्याची पूर्ण वाफ करण्यासाठी सुमारे ०.७ युनिट वीज लागते आणि यंत्र कितीही चांगले असले तरी या साध्या घरगुती रचनेत हा आकडा कमी होत नाही. उष्णता वाया जाते ती धरली तर चार लिटरला तीन युनिट होतात. तुमचा दर युनिटमागे दहा रुपये धरला तर पाच माणसांच्या कुटुंबाला रोज लागणाऱ्या बारा लिटर पिण्याच्या पाण्यासाठी नव्वद रुपये आणि महिन्याला सत्तावीसशे रुपये होतील. एवढा खर्च कोणत्याही शेतकरी कुटुंबाने करावा असा सल्ला मी देणार नाही. सगळ्या घरासाठी आरओ किंवा गावाच्या सामूहिक योजनेचे पाणी घ्यावे. लहान बाळ किंवा आजारी व्यक्ती यांच्यापुरते दोन-तीन लिटर पाणी मात्र ऊर्ध्वपातनाने करणे परवडण्यासारखे आहे, आणि बोअरच्या पाण्याला क्लोरीनचा किंवा शैवालाचा वास नसल्याने त्या यंत्राला कार्बन लावण्याचेही कारण नाही. पाण्याची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतून करून घ्यावी आणि ती पावसाळ्यापूर्वी व नंतर अशी दोनदा करावी, कारण दोन्ही वेळचे आकडे बरेच वेगळे येऊ शकतात.

याच्या उलट, भातसा, वैतरणा, तानसा या धरणांतून येणारे मुंबईचे पाणी मुळातच मऊ आहे. तेथील दोन वाचकांनी पिण्यासाठी ऊर्ध्वपातन यंत्र घ्यावे का, असे विचारले आहे. घेऊ नये. पालिकेच्या पाण्याचा क्लोरीनचा वास आवडत नसेल तर साधा कार्बन फिल्टर पुरेसा आहे. नेहमी केवळ क्षारविरहित पाणीच प्यायल्याने पाण्यातून मिळणारे थोडेफार कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही जाते. ही भरपाई आहारातून होते हे खरे, पण चांगले पाणी घरात येत असताना वीज जाळून त्यातील उपयोगी क्षार काढून टाकण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

प्रश्न : आमच्याकडे करवंट्या भरपूर आहेत. घरी कोळसा करून तो लिंबाच्या रसात किंवा कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात भिजवला की सक्रिय कार्बन तयार होतो असे ऐकले. हे खरे का? (एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा)

उत्तर : कोळशाने पाण्याचा रंग आणि वास जातो हे जुने ज्ञान आहे, सेंट पीटर्सबर्ग येथील औषधनिर्माते टोबियास लोविट्झ यांनी १७८५ मध्ये द्रावणाचा रंग कोळशाने काढून दाखवला होता. करवंटीचा कोळसा हा उत्तम कच्चा माल आहे हेही खरे. पण चुलीवर किंवा डब्यात केलेल्या कोळशाची बहुतेक छिद्रे डांबरासारख्या पदार्थांनी बुजलेली असतात आणि ती मोकळी करून नवी छिद्रे कोरण्यासाठी तापलेल्या भट्टीतील वाफ लागते, जी घरी सुरक्षितपणे तयार करता येत नाही. लिंबाच्या रसाने हे काम होत नाही. कॅल्शियम क्लोराइडमध्ये भिजवलेला कोळसा कितीही धुतला तरी क्लोराइड सोडत राहण्याची शक्यता असते. शिवाय अर्धवट जळलेल्या करवंटीतील धुरकट वासाचे फिनॉलसारखे पदार्थ पाण्यात उतरतात, म्हणजे जे काढायचे तेच पाण्यात वाढते. असा कोळसा परसातील सांडपाण्याच्या गाळणीत जरूर घालावा, पिण्याच्या पाण्यात नको.

प्रश्न : इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी घरी केलेले डिस्टिल्ड वॉटर कार्बनमधून गाळून घ्यावे का? एसीतून ठिबकणारे पाणी कार्बनमधून गाळले तर चालेल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. बॅटरीला पाण्याच्या चवीशी किंवा वासाशी देणेघेणे नसते. तिला क्लोराइड, लोह आणि तांबे यांचा अंशही नको असतो. कार्बनच्या राखेतून नेमके असेच क्षार येतात, तेव्हा यंत्रातून आलेले पाणी सरळ काचेच्या किंवा चांगल्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून तेच वापरावे. एसीचे पाणी तांब्याच्या नळ्यांवर आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांवर जमून धुळीच्या तबकातून खाली येते. त्यातील धातू काढणे घरगुती कार्बनच्या भरवशाचे काम नाही. ते पाणी फरशी पुसायला आणि झाडांना वापरावे.

प्रश्न : वापरलेला कार्बन उकळून किंवा कडक उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतो का? तो किती दिवसांनी बदलावा? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : उकळल्याने काही बाष्पनशील पदार्थ सुटतात आणि वरचे जीवाणू मरतात, उन्हाने ओल जाते, छिद्रांत घट्ट बसलेले पदार्थ मात्र तसेच राहतात. कारखान्यात कार्बनचे पुनरुज्जीवन करताना तो पुन्हा आठशे अंशांच्या वर तापवावा लागतो. त्यामुळे घरी हा उद्योग करू नये.

यंत्राच्या आधी लावलेला कार्बन वर सांगितलेल्या क्लोरीनच्या चाचणीवरून बदलावा. यंत्राच्या नंतर लावलेल्या कार्बनची गोष्ट वेगळी आहे. त्याच्याकडे येणारे पाणी इतके स्वच्छ असते की त्याची छिद्रे भरायला पुष्कळ काळ लागेल, पण त्याच्या कितीतरी आधी ओलसर दाण्यांवर जीवाणूंचा थर बसलेला असतो. म्हणून त्याचा हिशोब लिटरांत न करता दिवसांत करावा. रोज वापर असेल तर महिन्याने बदलणे मला योग्य वाटते, आणि गावाला जाऊन आठवडाभराने परतल्यावर जुना कार्बन सरळ टाकून द्यावा. चांदीचा लेप दिलेला कार्बन मिळतो, त्याने जीवाणूंची वाढ मंदावते, थांबत नाही. पाण्याला अजून चव चांगली आहे म्हणून कार्बन चालू ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे, कारण जीवाणूंची चव लागत नाही. गाळलेले पाणी झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ठेवावे, पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात नको. क्षार नसलेले पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि धातू विरघळवते.

प्रश्न : मी रोज जलनेती करते. आमचे डिस्टिल्ड वॉटर कार्बनमधून गाळलेले असते. ते नेतीसाठी वापरले तर अधिक चांगले का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ते थेट वापरू नका. यंत्रातून नुकतेच आलेले डिस्टिल्ड वॉटर जंतुरहित असण्याची शक्यता पुष्कळ असते, पण कार्बनमधून गेल्यावर तशी खात्री राहत नाही. पोटात गेलेले थोडेफार जीवाणू जठरातील आम्लात मरतात. नाकाच्या वरच्या भागात असा अडसर नाही. नाकावाटे मेंदूपर्यंत जाणाऱ्या नेग्लेरिया फाउलेरी या अमिबाचा संसर्ग केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये आढळला. तो दुर्मीळ आहे, परंतु बहुतेक वेळा प्राणघातक ठरतो. नेतीसाठी कोणतेही पाणी, मग ते डिस्टिल्ड असो वा गाळलेले, खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवावे, झाकून कोमट होऊ द्यावे, त्याच दिवशी वापरावे आणि त्यात नेहमीप्रमाणे मीठ घालावे, कारण क्षाररहित पाण्याने नाकाच्या आतील त्वचेची आग होते. नेतीचे भांडेही प्रत्येक वेळी धुऊन पालथे घालून पूर्ण कोरडे करावे.